बठ्ठा लोक चांगला शे

१

“सदर विवाहिता स्वेच्छेने व स्वखुशीने सासरचे घर सोडून गेली असून तसे तिने स्वतः दूरध्वनीवरून या ठाण्यास कळविले आहे. सासरच्या मंडळींविरुद्ध तिची काहीएक तक्रार नाही. तिच्या जिवास धोका नसल्याने शोध थांबविण्यात येत आहे.”

धुळ्यातल्या एका पोलीस ठाण्याने पंधरा डिसेंबरला रावेरच्या लताबाईंच्या हाती जो कागद दिला, त्यावर एवढी तीनच वाक्ये होती. शुद्धलेखन निर्दोष होते. एकतीस वर्षे बोलीभाषा शिकवल्यानंतर मला एक वाईट खोड जडली आहे. निर्दोष वाक्य दिसले की मी ते उसवून पाहते.

पहिल्या वाक्यात ‘स्वेच्छेने’ आहे आणि लगेच ‘स्वखुशीने’ आहे. जिथे एक इच्छा खरी असते तिथे दोन शब्द लागत नाहीत. ज्या भिंतीची खात्री नसते तिलाच दुहेरी टेकू देतात.

दुसरे वाक्य म्हणते, तक्रार नाही. याच ठाण्याच्या नोंदवहीत दहा डिसेंबरची, म्हणजे अवघ्या पाच दिवसांपूर्वीची नोंद आहे: “पतीने मारहाण केल्याबाबत तोंडी तक्रार. किरकोळ कौटुंबिक वाद. पतीस बोलावून समज दिली व पत्नीस त्याच्या ताब्यात दिले.” ‘ताब्यात देणे’ हा शब्दप्रयोग पोलिसांच्या भाषेत जप्त केलेल्या मोटारसायकलीसाठी वापरतात. आणि दहा डिसेंबर हा मानवी हक्क दिन. त्या दिवशी ठाण्यात कार्यक्रम होता, फलक होता, पाहुण्यांचे भाषण होते. तक्रार करायला आलेल्या बाईला कार्यक्रम आटोपेपर्यंत बाकावर बसवले होते. भाषण तिने पूर्ण ऐकले असणार.

तिसरे वाक्य: जिवास धोका नाही. हे सांगायला त्या जिवाला कोणीतरी पाहिलेले असावे लागते. अकरा डिसेंबरनंतर मोहिनीला कोणीही पाहिलेले नव्हते.

बावीस तारखेला सकाळी लताबाई तो कागद घेऊन माझ्या जळगावच्या घरी आल्या. सोबत त्यांचा मुलगा कुंदन होता. मोहिनी त्यांची धाकटी, वय अठ्ठावीस. एम.ए.ला माझी विद्यार्थिनी होती. चार वर्षांपूर्वी धुळ्याच्या एका व्यापारी घरातल्या श्रेयांसशी तिने स्वतःच्या पसंतीने लग्न केले. ‘पसंती’ हा शब्द नंतर तिच्याविरुद्ध दोन्हीकडून वापरला गेला.

“मॅडम, आवाज बाईचा हाये,” लताबाई म्हणाल्या, “पन माह्या पोरीचा नही. मी त्या सायबाले सांगलं. तो म्हने, आईचं मन असंच राह्यते.”

“आणि श्रेयांस काय म्हणाला?”

“त्यानं कान लावून आयकलं अन् म्हने, हो सायेब, हेच बोलनं, हीच माही बायको.”

“फोन कधी आला?”

“शनवारी, तेरा तारखेले. आम्ही शुक्रवारीच धुळ्याले जाऊन हरवल्याची तक्रार देली व्हती. शनवारी सायब त्यायचं घर अन् गोदाम पाहाले निघनार व्हते. पायात बूट घातले व्हते त्यायनं. तेवढ्यात फोन आला. बूट काढले.”

कुंदनने त्याचा मोबाइल टेबलावर ठेवला. साहेबांनी खात्री पटवण्यासाठी रेकॉर्डिंग ऐकवले, तेव्हा त्याने ते शिताफीने टिपून घेतले होते. एकोणीस सेकंद. मागे रिक्षांचे भोंगे, गाडीची घोषणा, आणि तोंडावर फडके धरून बोलणारी एक बाई:

“मी मोहिनी बोली राह्यनू. मी मन्ही मर्जीथून घर सोडं. माले कोनी शोधू नका. सासरना बठ्ठा लोक चांगला शे. त्यासले तरास देवू नका.”

मी ते तीनदा ऐकले. मग लताबाईंना विचारले, “तुमच्या घरी ‘शे’ कोण म्हणतं?”

त्या माझ्याकडे वेड्यासारख्या बघत राहिल्या. “आमच्यात? आमच्यात असं कोन बोलते, मॅडम?”

२

बाहेरच्यांना खान्देश एकच वाटतो. तो तसा नाही. धुळे, शिंदखेडा आणि त्याच्या पश्चिमेला गावकरी ‘आहे’ऐवजी ‘शे’ म्हणतात आणि ‘सगळे’ऐवजी ‘बठ्ठा’. रावेरकडे, केळीच्या मुलखात, बोली निराळी. तिथे ‘हाये’ म्हणतात. रावेरच्या बाईच्या तोंडी ‘शे’ येणे म्हणजे नागपूरच्या माणसाने कोल्हापुरी हेल काढून रडावे तसे आहे. शिवाय मोहिनी एम.ए. झालेली. पोलिसांशी ती प्रमाण मराठीतच बोलली असती. दहा तारखेला बोललीही होती.

म्हणजे फोन तिचा नव्हता. हे मी लताबाईंना सांगणार, एवढ्यात मला दुसरी गोष्ट आठवली आणि माझे तोंड मिटले.

मोहिनीच्या एम.ए.च्या प्रबंधाचा विषय हाच होता: रावेरचे ‘हाये’ आणि शिंदखेड्याचे ‘शे’. त्यासाठी ती दोन महिने शिंदखेड्याच्या खेड्यांतून हिंडली होती. ती बोली तिला येत होती. मग समजा कोणी तिला धमकावून फोन करायला लावला असेल आणि तिने मुद्दाम, आईला आणि मला कळावे म्हणून, परकी बोली वापरली असेल? ज्याला कळायचे त्याला कळावे, शेजारी उभ्या असलेल्याला कळू नये. हुशार मुलगी होती. ती हे करू शकली असती.

“मॅडम, काय झालं?” कुंदनने विचारले. “काही सापडलं का?”

“तिने मुद्दाम असं बोलून निरोप दिला असेल. म्हणजे शनिवारी ती जिवंत होती, कदाचित आजही असेल,” मी म्हणाले. हे मी बोलायला नको होते. लताबाईंनी पदर तोंडाशी नेला आणि तो तिथेच धरून ठेवला.

कपाटातून मी प्रबंध काढला. पान त्रेचाळीस. तक्ता. एकवचन: शे. अनेकवचन: शेतस. त्याखाली मोहिनीच्या अक्षरात एक टीप होती, तिच्यावर मी त्या वेळी ‘सुंदर’ असा शेरा मारला होता:

“बाहेरचा माणूस नक्कल करताना ‘शे’ सहज उचलतो, कारण तो वाक्याच्या शेवटी येऊन कानात वाजतो. ‘शेतस’ मात्र त्याच्या कानावरून जातो. ‘शे’ उसना मिळतो, ‘शेतस’ घरात शिकावा लागतो.”

मी रेकॉर्डिंग चौथ्यांदा लावले. *सासरना बठ्ठा लोक चांगला शे.* बठ्ठा लोक. अनेकवचन. ज्या मुलीने हे पान लिहिले, तिच्या तोंडून हे वाक्य धमकीखालीही असे आले नसते. आणि निरोपच द्यायचा असता तर ती बोली अचूकच बोलली असती; चूक करण्याइतका तिला त्या बोलीचा अनादर नव्हता.

मी दिलेली आशा मला पाच मिनिटांत परत घ्यावी लागली. लताबाईंनी सगळे ऐकले. फक्त म्हणाल्या, “मंग माही पोरगी व्हती कुठं त्या टायमाले?”

३

मंगळवारी मी कुंदनसोबत धुळ्याच्या त्या ठाण्यात गेले. निरीक्षक भटू अहिरराव यांच्या खोलीत मानवी हक्क दिनाचा फलक अजून भिंतीवर होता. एका कोपऱ्याची चिकटपट्टी सुटून तो दुमडला होता. साहेब पन्नाशीचे, नेटके, जपून बोलणारे. आपण कुठल्या खेड्यातून आलो हे वाक्यागणिक लपवणाऱ्या माणसांची प्रमाण मराठी फार स्वच्छ असते. त्यांची तशी होती.

“मॅडम, आपल्याबद्दल आदर आहे,” ते म्हणाले. “परंतु एका क्रियापदावरून मी बंद केलेला तपास उघडू?”

“आपण तो एका फोनवरून बंद केलात.”

मी रावेर आणि शिंदखेड्याचा फरक समजावून सांगितला. ते लक्षपूर्वक ऐकत होते, आणि मला वाटले होते त्याहून लवकर त्यांना पटले. कारण त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. शासकीय चेहरा मोकळा होतो तेव्हा समजावे, कोणीतरी गरीब सापडले आहे.

“त्यांच्या घरी स्वयंपाकाला झुंबरबाई म्हणून आहे. मूळची शिंदखेड्याची. पक्की ‘शे’वाली. पैसे देऊन किंवा दम देऊन तिच्याकडून करवून घेतलं असणार. उद्या सकाळी उचलतो तिला. दोन तासांत बोलेल.”

“कशी बोलेल, तेच मी विचारायला आले आहे,” मी म्हणाले. “साहेब, आपलं गाव?”

“नेर.”

“घरी आईशी काय बोलता?”

“हल्ली मराठीच. मुलांना सवय राहावी म्हणून.”

“मग एक करा. ‘सासरचे सगळे लोक चांगले आहेत’, हे आपल्या आई कशा म्हणतील, तेवढं म्हणून दाखवा. मोठ्याने.”

ते ओशाळे हसले. दाराशी शिपाई उभा होता. त्याला त्यांनी हातानेच बाहेर घालवले. घसा साफ केला.

“सासरना बठ्ठा लोक चांगला शेतस.”

आणि ते थांबले. टेबलावरच्या मोबाइलवर मी ते रेकॉर्डिंग लावले, आणि त्या बाईच्या ‘शे’वर ते असे दचकले, जणू जेवताना दाताखाली खडा आला.

“हाई आपलं मानूस नही,” ते म्हणाले. मग सावरून, “म्हणजे… ही भाषा येणाऱ्याचं बोलणं नाही हे.”

“तेरा तारखेला हा फोन तुम्हीच घेतला होता.”

“हो.”

“तेव्हा नाही खटकलं?”

ते दुमडलेल्या फलकाकडे बघत राहिले. “ती भाषा ऐकूच येत नाही, असं दाखवायची तीस वर्षांची सवय आहे, मॅडम.” त्यांनी फाइल उघडली आणि एक ओळ वाचली. “फोन भुसावळ स्टेशनाबाहेरच्या चहाच्या टपरीवरचा. टपरीवाल्याचा मोबाइल. ‘माझी बॅटरी संपली, एक फोन करू द्या’, असं म्हणाली. तोंडाला स्कार्फ.”

“टपरीवाल्याशी कोणत्या भाषेत बोलली?”

त्यांनी पुन्हा पान पाहिले. “हिंदीत. पण तपास पुन्हा उघडायला, बोलणारी कोण ते हाती हवं.”

बाहेर बाकावर कुंदन बसला होता. भुसावळ हे नाव ऐकताच तो उठून उभा राहिला.

“मॅडम, मोहिनीची नणंद भुसावळलाच दिलीय. विधी. ती मोबाइलवर गमतीचे व्हिडिओ टाकते.” त्याने फोन पुढे केला. “हे पाहा. ‘झुंबर मावशी’ म्हणून.”

४

चौतीस व्हिडिओ होते. मी ते सगळे पाहिले, वहीत नोंदी करत. संशोधनात याला सामग्री म्हणतात. प्रत्येकात विधी डोक्यावरून जुनेर घेते, कपाळावर मोठे कुंकू लावते, हातात पोळपाट धरते आणि घरच्या स्वयंपाकिणीची नक्कल करते. मावशीला लिफ्ट कळत नाही, पिझ्झा कळत नाही, इंग्रजी कळत नाही. हजारो लोक हसतात. ‘शे’ एकशे बारा वेळा आला होता, त्यापैकी एकोणतीस वेळा कर्ता अनेकवचनी होता. ‘शेतस’ एकदाही नाही.

परंतु व्हिडिओ म्हणजे विनोद; तिथे मुद्दाम चूक केली असे म्हणता येते. मला ती चूक समोर, सहज घडलेली हवी होती. तिच्या पानावर दिलेल्या क्रमांकावर मी फोन केला. मी खान्देशच्या बोलींचा अभ्यास करते, तुमचे व्हिडिओ पाहिले, थोडे ध्वनिमुद्रण कराल का, असे विचारले. यात एकही शब्द खोटा नव्हता. ती आनंदाने हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी दुपारी, मी तिच्या भुसावळच्या फ्लॅटवर पोचले. तिशीची, चपळ, गोड मुलगी. तिने चहा स्वतः केला.

“प्रोफेसर लोकसुद्धा बघतात म्हणजे काय!” ती हसली. “माझे मिस्टर म्हणतात, टाइमपास आहे.”

“कुठे शिकलात ही भाषा?”

“शिकायचं काय त्यात? माहेरी झुंबर मावशी आहे ना. लहानपणापासून तिची नक्कल करून सगळ्यांना हसवायचे. पप्पा आणि श्रेयांस दुकानात गिऱ्हाइकांशी बोलतात, त्यांना तर फर्स्टक्लास येते. मम्मीलाही. मी आपली शेवटी ‘शे’ लावते आणि काम होतं.”

एवढ्या बोलण्यात तिने, न विचारता, घरातल्या उरलेल्या तिघांना त्या फोनमधून मोकळे केले होते. ज्यांना ती भाषा चांगली येते, ते ही चूक करणार नाहीत.

मी ध्वनिमुद्रक सुरू केला. तिची परवानगी त्यावर नोंदवली. मग मी प्रमाण मराठीत एकेक वाक्य म्हणायचे आणि तिने ते मावशीच्या भाषेत सांगायचे, असा खेळ सुरू झाला.

“दूध सांडले आहे.”

“दूध सांडेल शे!”

“पाहुणे घरात आहेत.”

“पाव्हना घरमा शे!”

“गावातले सगळे लोक चोर आहेत.”

“गावना बठ्ठा लोक चोर शे!” तिने डोळे फिरवले, कमरेवर हात ठेवला. ती खरोखर गुणी नकलाकार होती.

मी वही पुढे उलटली. “सासरचे सगळे लोक चांगले आहेत.”

“सासरना बठ्ठा लोक चांगला—”

तिचा हात कमरेवर तसाच राहिला. स्वयंपाकघरात कुठेतरी नळ ठिबकत होता. इतका वेळ मला तो ऐकू आला नव्हता. तिच्या चेहऱ्यावरून मावशी उतरली, मग यजमानीण उतरली, आणि खाली जी कोणी होती ती माझ्याकडे बघू लागली.

“मॅडम,” तिने विचारले, “तुम्ही मूळच्या कुठल्या?”

“रावेरच्या,” मी म्हणाले. “मोहिनी माझी विद्यार्थिनी.”

५

भुसावळहून धुळ्याला गाडीने अडीच तास लागतात. फोन क्षणात लागतो. मी जिना उतरत असतानाच वर विधीचा आवाज चढलेला ऐकला होता. मी गाडीत बसताच अहिररावांना ध्वनिमुद्रण पाठवले आणि सांगितले की आता त्या घरी सगळ्यांना कळले आहे.

पाच वाजता मी धुळ्यात त्यांच्या दारात उभी होते. पोलीस यायचे होते. सुगनबाईंनी दार उघडले, सासूबाई त्या. सूर्यास्ताआधी जेवण उरकायचे म्हणून ताटे मांडलेली होती: तीन ताटे आणि जेवायला कोणी नाही.

“मोहिनीचे सासरे शांतीलालजी आणि श्रेयांस कुठे आहेत?”

“कामानं गेलेत.” त्यांनी मला बसायला सांगितले नाही. “तुम्ही विधीला घाबरवलं, म्हणे. काय मिळालं? आमची सून होती, आम्हाला दुःख नाही का? गेली मनानं. जाणाऱ्याला कोण धरतं?”

“‘होती’ म्हणालात.”

“घर सोडलं म्हणजे होतीच ना, बाई.”

तेवढ्यात अहिरराव आले. सोबत दोन महिला शिपाई. त्यांनी सुगनबाईंना काही विचारले नाही. सरळ मागच्या अंगणात गेले. तिथे झुंबरबाई पातेले घासत होती. साठीची, काटक, राखेने हात पांढरे झालेले. गणवेश पाहून ती उभी राहिली आणि तिने दोन्ही हात पुढे केले, बेड्यांसाठी. तिला कोणी आधीच सांगून ठेवले होते की आळ तिच्यावर येणार.

निरीक्षक तिच्यासमोर उकिडवे बसले.

“मावशी, भिवू नको,” ते म्हणाले. “मी नेरना शे. तू काहीच करं नही, माले माहीत शे. मोहिनीताई गयी त्या दिनपशी घरमा काय नवं व्हयनं, ते सांग.”

झुंबरबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. साहेबाच्या तोंडून आपली भाषा येते, हे तिच्या आयुष्यात प्रथमच घडत होते.

“काय सांगू, भाऊ. शुक्करवारले शेठानीनी मुगनं पानी कराले लायं. पातळ. मीठ कमी. डबा भरीसन श्रेयांसशेठ लई गया. ‘गोदामवर हमाल आजारी शे’, अशी बोलनी ती.”

“किती दिन?”

“शुक्करवार, शनवार. दोन येळ. शनवारना सकाळना डबा अर्धा खायेल उना. संध्याकाळना डबा तसाच वापस उना. झाकन बी उघाडेल नव्हतं. ऐतवारपशी डबा बंद.”

“आन् हमाल?”

“भाऊ,” झुंबरबाई म्हणाली, “गोदाम दोन सालपशी बंद शे. तठे हमालच नही.”

मी सुगनबाईंकडे वळून पाहिले. त्या दारात उभ्या होत्या. मावळतीचे ऊन ताटांपर्यंत आले होते.

“हे तुम्ही कोणाला का नाही सांगितलं?” मी झुंबरबाईला विचारले. माझ्या आवाजात राग होता. तो तिच्यावर नव्हता, पण तिला तो तसाच लागला असेल.

“ताई, माले कोन इचारं?” ती म्हणाली. “सायेब लोक उनात, पुढना दारथून गयात. विधीताई मन्ही नक्कल करस, बठ्ठा लोक हसतस. मन्हं आयकाले कोन येस?”

अहिरराव उठले. त्यांच्या गुडघ्यांना राख लागली होती. त्यांनी ती झटकली नाही. “गोदाम,” ते म्हणाले. आणि तेरा तारखेला काढून ठेवलेला तो बूट अकरा दिवसांनी गोदामाकडे निघाला.

६

गोदाम शिंदखेडा रस्त्याला आहे. मोठ्या फाटकाला आतून नवे कुलूप होते आणि आत, बंद पडलेल्या वजनकाट्यापाशी, शांतीलालजींची गाडी उभी होती. बाप-लेक दोघेही तिथेच सापडले. हातात पहार होती. वजनकाट्याखाली, जिथे पूर्वी भरलेले ट्रक तोलत, चार फूट खोल खड्डा असतो. त्यावरची लोखंडी पाटी त्यांनी अर्धी सरकवली होती.

लताबाईंना ओळख पटवायला दुसऱ्या दिवशी आणले. त्यांनी पोरीचा हात हातात घेतला आणि तिच्याशी रावेरच्या बोलीत बराच वेळ बोलत राहिल्या. काय बोलल्या ते मी लिहिणार नाही. तेवढे एक ध्वनिमुद्रण मी केलेले नाही.

वैद्यकीय अहवाल म्हणतो की डोक्याला मार लागल्यानंतर मृत्यूला किमान अडीच दिवस लागले, आणि वेळीच उपचार मिळाले असते तर जीव वाचण्याची शक्यता होती. अहवालाने ‘वेळीच’ म्हणजे केव्हा, हे सांगितलेले नाही. माझ्यापुरते मी ते ठरवले आहे: तेरा डिसेंबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे, जेव्हा एका खोलीत एका माणसाने घातलेले बूट काढले. हे मी अहिररावांना तोंडावर सांगितले. त्यांनी ते नाकारले नाही. त्यांची विभागीय चौकशी चालू आहे, आणि चौकशीतल्या जबाबात त्यांनी दहा तारखेच्या नोंदीतला ‘ताब्यात’ हा शब्द स्वतःच्या हाताने लिहिल्याचे मान्य केले आहे. भिंतीवरचा फलक त्यांनी उतरवला.

माणसाला जगण्याचा हक्क आहे, असे जगातले सर्व देश मिळून पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ म्हणत आले आहेत. त्या वाक्यातल्या ‘माणसाला’ या शब्दात मोहिनी मोडते की नाही, याचा निर्णय त्या आठवड्यात एका ठाण्यात, एका ओट्यावर, एका गोदामात आणि एका चहाच्या टपरीवर वेगवेगळ्या माणसांनी घेतला. सगळे सुशिक्षित होते. कोणीही तिला विचारले नाही.

श्रेयांस आणि शांतीलालजी अजून काही कबूल करत नाहीत. सुगनबाई म्हणतात, मी डबा पाठवला, हे तर पुण्यच आहे. विधीने मात्र न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब दिला. तिच्यावर कोणाचा दबाव नाही, याची त्यांनी दोनदा खात्री करून घेतली, आणि मग तिचे बोलणे शब्दशः उतरवून घेतले. ते असे:

“बुधवारी ती पोलिसांत गेली, म्हणून गुरुवारी सकाळी श्रेयांसने तिला मारलं. डोकं ओट्यावर आपटलं. दवाखान्यात नेलं असतं तर पोलीस केस झाली असती, म्हणून गोदामात ठेवलं. मम्मी डबा द्यायची. थोडं खात होती, असं मला सांगितलं. शनिवारी पोलीस गोदाम बघायला येणार हे पप्पांना कळलं, तेव्हा श्रेयांसचा मला फोन आला. तो म्हणाला, दोन-चार दिवसांत बरी होईल, मग समजावू, तू फक्त तिच्या नावाने एक फोन कर. मी टपरीवरून केला. मी फोन केला तेव्हा ती जिवंत होती. तिच्यासारखं बोलायला सांगितलं होतं, पण ती कशी बोलते ते मला माहीत नव्हतं. चार वर्षं ती आमच्या घरात तिच्या आईशी फोनवर बोलायची, मी कधी ऐकलं नाही. म्हणून झुंबर मावशीसारखं बोलले. मला वाटलं, त्या सगळ्या सारख्याच बोलतात.”